ओल न दिसणारा रंग

सुनेनं कपाटातले सगळे ब्लाउज पलंगावर ओतले, एकेक अंगाला लावून पाहिला आणि त्या ढिगाशेजारी बसून ती रडायलाच लागली. बाळंत होऊन तिला दोन महिने झालेत. रविवारी कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं आणि एकही ब्लाउज धड होत नव्हता. जो होत होता त्यात बाळाला पाजायची सोय नव्हती, आणि ज्यात सोय होती तो घातला की ती गबाळी दिसत होती. "आई, तुम्ही काय घालत होता हो तेव्हा?" तिनं नाक पुसत विचारलं. मी म्हटलं, "मी? मी तर तेव्हा पातळ गुंडाळलेलं भूत होते. ऊठ, शिलाई उसवून देते." तिला हसू आलं. मला आलं नाही. मी सुई शोधायच्या निमित्तानं तिथून उठले.

कारण बाहेर कार्तिक लागलाय. आमच्या अकोल्यात कार्तिक कॅलेंडरात पाहावा लागत नाही. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे निघाल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकतात, नालीच्या कडेनं रुई साठते, अंगणात वाळत घातलेल्या धुण्यावर बारीक तंतू येऊन बसतात. लोकांना हे दिवस फार आवडतात. बाजारात पैसा फिरतो, सकाळी शेकोट्या पेटतात, माणसं जरा सैल होतात. मी मात्र या दिवसांत चिडचिडी होते. घरातले म्हणतात, आईला थंडी बाधते. म्हणू देत. थंडीचं नाव पुढे केलं की कुणी फार खोदून विचारत नाही.

तो कार्तिकही असाच होता, साठ सालच्या आगेमागेचा. मी तेव्हा अकोल्यात मुलींच्या एका शाळेत नवी लागलेली मास्तरीण. नोकरी अजून कायम झाली नव्हती. माझे यजमान पाटबंधारे खात्यात, महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणून पहिल्या बाळंतपणाला मी वलगावला गेले, माझ्या मायकडे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना लागतं ते गाव. माय तिथं एकटी राहायची. मी रांगत होते तेव्हाच बाप गेला. दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून, कापूस वेचून तिनं मला अमरावतीच्या वसतिगृहात ठेवलं आणि शिकवलं. आमच्या वस्तीत पगार घेणारी मी पहिली बाई.

दीक्षा घेऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. कोनाड्यातले जुने देव गेले होते आणि तिथं बुद्धाची तसबीर आली होती. स्वच्छ नेसायचं, केस विंचरलेले ठेवायचे, मान वर करून चालायचं, हा वस्तीतल्या बायांचा नेमच झाला होता. लुगडं ठिगळाचं असलं तरी चालेल, मळकं नको, असं माय म्हणायची. दिवसभर मातीत राबून आली तरी संध्याकाळी अंग धुऊन, धुतलेलं नेसून ती तसबिरीपुढं बसायची. तिच्याजवळ नेसायला असं होतंच किती! पण ते वाळत घातलेलं असायचं तेव्हा त्यावर एक सुरकुती दिसायची नाही.

भादव्यात माझा मुलगा आनंद झाला. त्यानंतरचे दिवस मला अजून अंगावर आठवतात. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानांना गच्च बांधलेलं फडकं, आणि माझ्या अंगावर मायचं जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं. पोट बांधायला तिनं दुसरं एक लुगडं फाडलं. चोळी पुढून गाठीची, सैल. पोरगं रडलं की गाठ सोडली, झालं. इतकं सुख कुठल्याही कपड्यानं मला पुढे कधी दिलं नाही. पण एके दिवशी मायच्या आरशात मी पाहिलं आणि हादरले. गाल सुजलेले, पोट सुटलेलं, केसांना तेलाचा थर, आणि अंगावर ते बोंगा झालेलं लुगडं. मला एकदम वाटलं, ही बाई फळ्यासमोर कशी उभी राहणार?

आणि उभं तर राहायचं होतं. दिवाळीनंतर रजा संपत होती. रुजू झाले नाही तर जागा दुसरीला जाणार, हे स्पष्ट होतं. अकोल्यात एका खोलीचं बिऱ्हाड, यजमान गावाबाहेर, आणि पदरात दोन महिन्यांचं लेकरू. शेजारच्या एका बाईला विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, "बसतं झालं की आना, तान्हं मी नाई सांभाळत बाप्पा."

"माय, मी नोकरी सोडतो," मी शेवटी म्हटलं.

माय तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "काहून?"

"लेकरू कोन पाहीन?"

"मी मेली काय? कापूस निघून राहिला म्हून मले अकोल्याले येता येत नाई. हेच दिवस मजुरी भेटाचे. पन लेकरू मायाजवळ राहू दे. फाल्गुनात वावरं रिकामे झाले की घेऊन जाजो."

"तो मले इसरून जाईन, माय."

"अवं, आपल्या मायले कोनी इसरते काय? काईबाई बोलतं." मग सूप पुन्हा हातात घेऊन ती म्हणाली, "विमले, आमी शेन काढू काढू मेलो. तू फळ्यावर लिहितं. ते सोडू नको."

मी आनंदला पाजत बसले आणि तो पिता पिता झोपला.

दुसऱ्या दिवशी ती मला अमरावतीला घेऊन गेली, कापड घ्यायला. जवाहर गेटच्या आत तेव्हाही कापडाचीच दुकानं. लहानपणी मी मायबरोबर तिथं गेले होते तेव्हा आम्ही पायरीखाली उभ्या राहिलो होतो आणि दुकानदारानं वरूनच कापड टाकलं होतं. या वेळी माय चपला काढून थेट गादीवर जाऊन बसली. मांडी घातली, पदर सावरला आणि म्हणाली, "मास्तरणीसाठी पातळ दाखवा." दुकानदारानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि गठ्ठा सोडला. मी गादीच्या कडेला अंग चोरून बसले. माय मात्र कापड दोन बोटांत चुरगाळून पाहत होती, उजेडाकडं धरत होती, नाक मुरडत होती. दुकानदार घामाघूम झाला.

मला फिकट निळं आवडलं होतं. अंगाला बरं दिसलं असतं. मायनं ते बाजूला सारलं. "यावर ओल दिसते," ती कानात म्हणाली. मग गडद जांभळं काढलं तर म्हणे, "यावर वाळल्यावर पांढरा डाग दिसते." शेवटी अंगभर बारीक बुट्ट्यांचं वाईन रंगाचं पातळ तिला पसंत पडलं, डाग बुट्ट्यांत लपेल म्हणून. पोलक्यासाठी तिनं बारीक फुलांचं छीट काढायला लावलं, इतकं गिचमिड की नजर ठरू नये. तिनं दुकानातल्या सुरईतलं थेंबभर पाणी बोटावर घेऊन त्याच्या कोपऱ्याला लावलं आणि लांब धरून मला विचारलं, "दिसते काय?" दुकानदार ओरडला, "अहो बाई, ओलं काय करता!" माय म्हणाली, "घेऊन राहिलो ना बाप्पा, फुकट थोडी ओलं केलं." मला हसू आवरेना. ते माझं त्या दिवसांतलं शेवटचं मोकळं हसू असावं.

लग्नातले माझे ब्लाउज मागून हुकांचे होते, तेव्हाची ती नवी टूम. ते आता जवळही येत नव्हते. मायनं छिटाचं पोलकं घरीच हातानं शिवलं, पुढून टिचबटणांचं, आणि आतून दोन्ही बाजूंना जुन्या लुगड्याच्या दुहेरी घड्या टाचल्या. "चोळीसारखं मऊ, अन् बाहेरून मास्तरीण," असं म्हणून तिनं मला फिरवून फिरवून पाहिलं. वाईन रंगाचं बारीक बुट्ट्यांचं पातळ त्यावर खरंच शोभलं. आरशात मी पुन्हा मला सापडले. सुटलेलं पोट निऱ्यांमागं गेलं, दंड झाकले गेले, चेहऱ्याला रंग आला. माय म्हणाली, "पाय, कशी दिसून राहिली मायी पोरगी!" आणि तिनं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

निघायच्या दिवशी तिनं मला तेच पातळ उतरवायला लावलं. "हे ठेवून जाय. तुयं अंगावरचं पायजे, धुतलेलं नको. लेकरू वासानं झोपते." मी दुसरं नेसले, आनंदला त्या पातळात गुंडाळून तिच्या कुशीत दिलं आणि मागं न पाहता मोटारीच्या रस्त्याला लागले. मागं पाहिलं असतं तर अकोला राहिलं असतं.

अकोल्यात कापूस हवेतच होता. खोलीच्या खिडकीतून जिनिंगची चिमणी दिसायची. सकाळी झाडलं तरी दुपारी उंबऱ्यात रुई. शाळेत मी छिटाचं पोलकं घालून उभी राहायची आणि मायच्या हुशारीवर जीव ओवाळून टाकावासा वाटायचा. शाळेला लागून एक घर होतं, तिथं कुणाचं तरी तान्हं होतं. ते रडलं की मी भूगोल शिकवत असो की बेरीज, माझं अंग ऐकायचं नाही. दूध सुटायचं. मी वही छातीशी धरून उभी राहायची आणि आवाज चढवून शिकवायची. मुलींना वाटायचं, बाई रागावल्या. मधल्या सुट्टीत मी संडासात जाऊन दूध पिळून टाकायची. पोराच्या तोंडचं दूध नालीत जाताना पाहून मी किती रडले असेन, ते माझं मला ठाऊक. बाहेर आले की तोंड धुऊन, पदर नीट करून पुन्हा वर्गात.

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी मोटार धरायची. अकोला ते अमरावती, तिथून वलगाव. दर शनिवारी मी आठवडाभर अंगावर घातलेलं एखादं फडकं, पोलकं मायजवळ द्यायची. पातळ मात्र तिथंच. सुरुवातीला आनंद मला पाहताच पाय झाडायचा आणि मी पायरीवर बसल्या बसल्या त्याला पाजायला घ्यायची. माय चुलीवरून ओरडायची, "अवं, धूळ त झटक!" सोमवारी पहाटे परत.

माय त्याला वावरात न्यायची. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला झोळी बांधून ती पऱ्हाटीच्या ओळीत शिरायची, कमरेच्या ओटीत कापूस भरत भरत दर थोड्या वेळानं येऊन पोराला पाहून जायची. वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजायची. तो फार रडला तर माझं पातळ ती स्वतःच्या खांद्यावरून घ्यायची. पुढं पुढं ती ते नेसायलाच लागली. पाचवारी पातळ नेसायची तिला सवय नव्हती. निऱ्या एकीकडं, पदर दुसरीकडं. वस्तीतल्या बाया हसायच्या, म्हातारी मास्तरीण झाली म्हणायच्या. मायलाही गंमत वाटायची. ती मला म्हणाली, "विमले, तू अशी लहान असतानी मी तुले पाह्यलंच नाई. तुले धुऱ्यावर टाकून दिवसभर राबत राहिलो, मंग तू गेली बोर्डिंगात. लेकरू कसं हासते, कसं पालथं पडते, हे मले आताच समजून राहिलं."

तेव्हा मी नुसतं ऐकलं. आज ते वाक्य आठवतं तेव्हा हातातलं काम थांबतं.

माझं दूध आटत चाललं होतं. आठवड्यातून एक दिवस पिणाऱ्या लेकरासाठी अंग किती दिवस वाट पाहणार? पौषात शाळेची तपासणी आली. मोठ्या बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी पांढरं पातळ, पांढरा ब्लाउज, कडक खळ. माझ्याजवळ पांढरं होतं, बुद्धवंदनेला नेसायचं. ब्लाउज शेजारणीच्या ओळखीच्या शिंप्याकडून घाईनं शिवून घेतला. आतल्या घड्या टाचायला वेळ मिळाला नाही, आणि मनात म्हटलं, आता दूध राहिलंय कुठं! तपासणी शनिवारीच होती. सकाळी आरशात पाहिलं तर मी छान दिसत होते. खरंच छान. खळीचं पातळ अंगाला उभारी देत होतं, आणि बाळंतपणाची सूज उतरून चेहरा रेखीव झाला होता. मला वाटलं, मायनं पाहायला पाहिजे.

साहेब वर्गात आले, मी शिकवू लागले, आणि शेजारच्या घरातलं ते पोरगं रडलं. इतके दिवस सुकलेलं अंग त्याच घटकेला भरून आलं. पांढऱ्या कापडावर ओल कशी पसरते ते मी मान खाली घालून पाहिलं. पदर ओढला, तर पदरही भिजला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिल्यासारखं केलं आणि लवकर निघून गेले, एवढं भलं केलं त्यांनी. पण नंतर शिक्षकांच्या खोलीत एक बाई, नाव सांगत नाही, सगळ्यांसमोर हसून म्हणाली, "काय हो, अजून सवय नाही का अशा कपड्यांची?"

ती काय म्हणाली ते तिथल्या प्रत्येकीला कळलं. मलाही कळलं. नंतर वर्षानुवर्षं मी तिला मनातल्या मनात कितीतरी उत्तरं दिली, एकापेक्षा एक झणझणीत, पण तेव्हा मी फक्त माझी पिशवी उचलली आणि स्टँडवर आले. कपडे बदलायला खोलीवर गेले असते तर मोटार चुकली असती. आणि मला घरी जायचं होतं. पोराला छातीशी धरायचं होतं. ज्याच्यासाठी ती ओल होती त्याला ती द्यायची होती. मोटारीत माझं पांढरं पातळ पाहून एकानं उठून जागा दिली, "बसा बाई," म्हणाला. मी बसले आणि अमरावतीपर्यंत पदर तोंडात धरून रडले.

वलगावला पोचले तेव्हा दिवस कलला होता. माय अंगणात होती. तिच्या अंगावर माझं वाईन रंगाचं पातळ, आणि खांद्यावर आनंद. मी पिशवी टाकली आणि हात पसरले. "ये माया राजा!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याचा खालचा ओठ दुमडला, आणि मोठ्यानं किंचाळून त्यानं मायच्या गळ्यात तोंड लपवलं.

माय आधी हसली. मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि तिचं हसू विझलं. "भेलं लेकरू," ती घाईघाईनं म्हणाली. "ते कडक कपडे, खळीचा वास. त्याले काय समजते? थांब, तू हातपाय धू. हे नेस." तिनं आत जाऊन माझं पातळ उतरवलं, आपलं ठिगळाचं लुगडं नेसली आणि पातळ माझ्या हातात दिलं. मी ते नेसले. आनंद हुंदके देत देत माझ्याकडं आला, वास घेतला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून शांत झाला.

मायला वाटलं, जमलं. पण मला तो वास येत होता. चुलीचा धूर, पऱ्हाटीचा हिरवट चिकट वास, शेळीचं दूध, मायचा घाम. माझं त्या पातळात काहीही उरलं नव्हतं. तो माझ्याकडं आला नव्हता, तो तिच्याकडं आला होता. मी नुसती तिचा कपडा घातलेली बाई होते. मी त्याला पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन त्यानं तोंड फिरवलं आणि मान वळवून चुलीजवळच्या मायला शोधू लागला.

"माय, आता हे पातळ तू नेसू नको," मी म्हटलं. आवाज कडक निघाला, वर्गात निघतो तसा.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

त्या रात्री मी तसबिरीपुढं हात जोडून बसले होते. आमच्याकडं नवस-मागणं नाही, मला ठाऊक होतं. तरी मी मागितलं. त्यानं हिला विसरावं, मला ओळखावं. जन्म देणारी मी, नोकरी करणारी मी, बोलणी खाणारी मी. बाकी मला काही नको होतं.

पुढच्या शनिवारपासून मी स्टँडवरच्या बायकांच्या खोलीत कपडे बदलून छिटाचं पोलकं घालून जायला लागले. माय आपल्या लुगड्यात असायची. पातळ घडी करून बाजेवर. आनंद आठवडाभर किती रडला, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. तिचे डोळे मात्र जागरणानं लाल दिसायचे. मी विचारलं की म्हणायची, "कापसाचा कचरा गेला डोळ्यात."

फाल्गुनात वावरं रिकामी झाली. आनंद बसायला लागला होता, शेजारीण सांभाळायला तयार झाली होती. मी त्याला न्यायला गेले. मायनं त्याचं सगळं बोचकं बांधून ठेवलं होतं, झबली, टोपडी, लंगोट, सगळं धुऊन, घडी घालून. स्वतःचं एकुलतं एक धड लुगडं फाडून तिनं त्याला दुपटी शिवली होती. सकाळी तिनं त्याला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, माझ्या कडेवर दिलं, आणि घरात गेली.

"माय, मोटारीपर्यंत ये ना," मी दारातून म्हटलं.

"मी नाई येत." आतून आवाज आला.

"काहून?"

"मी दिसलो त थो तुह्यासंग येनार नाई. तू जाय. मी भाईर निघत नाई."

मी निघाले. आनंदला कळलं होतं. तो माझ्या खांद्यावरून मागं झेपावत होता, दाराकडं दोन्ही हात करून ओरडत होता. मला वाटलं होतं, निदान दाराशेजारच्या तट्ट्याच्या आडून ती पाहील. मी वळून पाहिलं. दार लोटलेलं होतं आणि ते हललंही नाही.

अकोल्यात पहिले दिवस फार वाईट गेले. रस्त्यानं नऊवारी नेसलेली म्हातारी दिसली की आनंद हात पसरायचा. एकदा भाजीवालीच्या पदराला त्यानं अशी मूठ घातली की तिची टोपली कलंडली. ती बिचारी म्हणाली, "मायी नात पन अशीच करते बाई," आणि मूठ सोडवली. पण लेकरं विसरतात. एके दुपारी मी शाळेतून आले तर तो शेजारणीच्या ओट्यावर बसला होता. माझी चाहूल लागताच त्यानं मान वर केली, खुदकन हसला, आणि हात माझ्याकडं केले. माझ्याकडं. अंगावर खळीचं पातळ होतं. मी त्याला उचललं आणि रस्त्यातच मोठ्यानं रडले. जिंकले होते ना.

माय म्हणाली होती, "पेरनी झाली की येतो, त्याले पाह्याले." पेरणी झाली. आषाढात गावात हगवणीची साथ आली आणि निरोप आला तो ती गेल्याचा. मी आनंदला घेऊन पोचले. तिला अंगणात निजवलं होतं, पांढऱ्या कपड्यात. मी आनंदला तिच्याजवळ खाली सोडलं. मनात म्हणत होते, ओळख रे, एकदा तरी ओळख. त्यानं तिच्याकडं पाहिलं, कुणाकडंही पाहावं तसं. मग तो रांगत परत माझ्याकडं आला आणि मला उचलून घे म्हणून माझ्या निऱ्या ओढू लागला. बाया म्हणाल्या, लेकराला काय समजते. मी त्याला उचलून कडेवर घेतलं.

हे सगळं मी आनंदला कधी सांगितलं नाही. सांगायला गेले की मी डोळ्यांना पदर लावायची, आणि मग तो म्हणायचा, जाऊ दे आई, नंतर सांग. नंतर त्याच्या शाळा, परीक्षा, नोकरी, लग्न. मायचा एक फोटोदेखील नाही. कोण काढणार होतं?

सुनेचे दोन ब्लाउज मी काल संध्याकाळी उसवून सैल केले, पुढून बटणपट्टी लावली. तिला ते घालून बरं वाटलं. आरशात वळून वळून पाहत होती, पोरगी छान दिसत होती. आनंद पेपर वाचत बसला होता. त्याचं पोरगं माझ्या मांडीवर. मध्येच त्यानं पेपर खाली केला आणि सहज विचारलं, "आई, तू तर शाळेत जायचीस. मग मी एवढा असताना मला कोण सांभाळायचं गं?"

"माझी माय," मी म्हटलं.

"हो का? मला काहीच आठवत नाही तिचं." त्यानं माझ्या मांडीवरच्या पोराकडं पाहिलं. "तिचं नाव काय होतं?"

"अंजना."

"चांगलं होतं," तो म्हणाला, आणि त्यानं पान उलटलं.